विमानातल्या व्हँकेल इंजिनाला एपेक्स सील कोणत्या धातूचं घ्यावं?

उडता_सांगलीकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा, आता अ‍ॅरिझोनात. गेली सहा वर्षं सुट्टीच्या दिवशी हँगरमध्ये दोन आसनी किट विमान बांधतोय. पंख, शेपटी, वायरिंग झालं. इंजिन माझदाचं १३बी, म्हणजे दोन रोटरचं व्हँकेल आहे, अपघातात गेलेल्या एका आरएक्स-७ मधून काढून आणलेलं.

परवा ते उघडलं. ज्यांना हे इंजिन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात पिस्टन, व्हॉल्व्ह काही नसतं. माजेला थोड्या आत गेलेल्या पोकळीत तीन टोकांचा रोटर फिरतो. प्रत्येक टोकाच्या खाचेत ८० मिलिमीटर लांबीची एक पट्टी बसवलेली असते, तेच एपेक्स सील. एका कप्प्यातला दाब शेजारच्या कप्प्यात जाऊ न देणं हे त्याचं काम. पिस्टन रिंगचं काम इथे ही पट्टी करते, पण रिंगसारखी ती गोल नाही आणि तिला टेकायला दुसरी जोडीदार रिंगही नाही.

माझे रोटर चांगले आहेत. सहाही सील बदलायची आहेत. बाजारात तीन प्रकार दिसतात: कंपनीचं कडक केलेलं बिडाचं सील, इतरांनी बनवलेलं चिवट पोलादाचं, आणि सिलिकॉन नायट्राइडचं म्हणजे सिरॅमिकचं. गाड्यांच्या शर्यतीवाल्यांची मतं भरपूर वाचली. पण मला हे इंजिन ७५ टक्के ताकदीवर सलग तीन तास चालवायचंय आणि खाली रस्ता नसेल. तुम्ही काय निवडाल, आणि का?

भोसरीकर

सील विचारण्याआधी भिंत सांगा. तुमच्या रोटर हाउसिंगच्या, म्हणजे रोटर फिरतो त्या पोकळीच्या कवचाच्या, आत काय आहे?

माझी सव्वीस वर्षं प्लेटिंगमध्ये गेली, त्यातून एकच सांगेन. एकट्या सीलचा धातू चांगला किंवा वाईट नसतो. जोडी चांगली किंवा वाईट असते. हार्ड क्रोमवर हार्ड क्रोम घासलं की दोन्ही जातात. क्रोमवर बीड चालतं, क्रोमवर कार्बन चालतो. निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण बसवलेला थर असेल तर त्याच्यावर तेच बीड वेगळं वागतं.

उडता_सांगलीकर

मूळचंच आहे, दादा. अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग, आत पोलादी पत्रा आणि त्यावर क्रोम. एका हाउसिंगला प्लगच्या भोकाजवळ कडेला पोपडा सुटलाय, नखाला लागतो. दुसरं गुळगुळीत आहे.

भोसरीकर

पोपड्याचं बाद करा. त्यावर कुठलंही सील टिकणार नाही, आणि सिरॅमिक बसवाल तर पहिलं तेच कडेला टवका देईल. पॉलिश करून भागवायला जाऊ नका. माझदाच्या क्रोमला मुद्दाम बारीक भेगा आणि छिद्रं ठेवलेली असतात, तेल धरायला. पॉलिशने ती बुजतात आणि दिसायला आरशासारखी झालेली भिंत कोरडी पडते.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

फेलिक्स व्हँकेल यांचं पहिलं इंजिन जर्मनीत एनएसयू कंपनीत १९५७ साली चाललं. पुढे याच कंपनीची आरओ ८० ही गाडी १९६७ साली आली आणि सीलपायी बदनाम झाली. तिची सील तीन तुकड्यांची होती, तिन्ही तुकडे एकाच धातूचे. मधला तुकडा जास्त झिजायचा, दाब जायचा, इंजिन बदलावं लागायचं. वॉरंटीच्या खर्चाने कंपनी खिळखिळी झाली आणि १९६९ साली फोक्सवॅगनकडे गेली. नंतर मधला तुकडा फेरोटिकचा केला, म्हणजे पोलादात टायटॅनियम कार्बाइड, आणि त्रास आटोक्यात आला. पण तोवर नाव गेलं होतं. आमचा निकासिल थरसुद्धा, म्हणजे वर सांगितलेला निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा, माले कंपनीने याच रोटरी इंजिनांसाठी १९६७ च्या सुमारास काढला. मोटरसायकलींच्या सिलिंडरमध्ये तो नंतर गेला. आज तरुण पोरांना तो फक्त बाइकचा थर वाटतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

क्षितिज_नाशिक

वाचतोय. एक शंका. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या ‘रोटरी’ इंजिनांबद्दल वाचलं होतं. हेच का ते?

गणिताचे_सर

नाही. त्या इंजिनांत क्रँकशाफ्ट विमानाला घट्ट बसवलेला असे आणि सगळे सिलिंडर पंख्यासकट गरगर फिरत. नाव सारखं, यंत्र वेगळं. पण सीलचा प्रश्न त्यांनाही होताच. फिरताना सिलिंडरची पुढची बाजू गार आणि मागची गरम राहून तो थोडा वाकडा व्हायचा, आणि साधी रिंग त्या वाकडेपणाला जुळवून घेत नसे. म्हणून नोम कंपनीच्या इंजिनांत पातळ ब्राँझची, इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची ऑब्च्युरेटर रिंग असे. ती लवचिक होती, भिंतीचा आकार घ्यायची, पण टिकायची कमी. वंगण एरंडेलाचं, कारण पेट्रोलने ते धुऊन जात नाही. पहिल्या महायुद्धातले भारतीय वैमानिक हरदितसिंग मलिक ज्या सॉपविथ कॅमेल विमानातून लढले, त्या कॅमेलचं इंजिन या जातीचं.

आता मूळ प्रश्नाकडे. धातूबद्दल बोलण्याआधी त्या पट्टीवर काय गुदरतं ते आकड्यांत बघू.

१३बी मध्ये रोटरच्या मध्यापासून टोकापर्यंत १०५ मिलिमीटर आणि शाफ्टची उत्केंद्रता, म्हणजे रोटरचा मध्य शाफ्टच्या मध्यापासून जितका बाजूला असतो ते अंतर, १५ मिलिमीटर. शाफ्ट मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तेव्हा रोटर घेतो २,०००. या मापांवरून सीलचा भिंतीवरचा वेग काढला तर लांबट बाजूच्या टोकांना तो सेकंदाला सुमारे ३१ मीटर येतो आणि माजेपाशी साडेबारा. एकाच फेऱ्यात वेग अडीच पट होतो आणि पुन्हा उतरतो. शिवाय सील भिंतीला काटकोनात टेकून राहत नाही, दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंशांपर्यंत झुकतं. म्हणूनच त्याचं तोंड गोलसर घासलेलं असतं. भिंतीला एका वेळी टेकते ती फक्त एक रेषा.

सगळ्यात रंजक भाग पुढे आहे. २ मिलिमीटर जाड, ८ उंच, ८० लांब अशी बिडाची पट्टी भरते सुमारे ९ ग्रॅम. लांबट टोकांपाशी जडत्व तिला भिंतीवर जवळजवळ १० किलो वजनाइतकं दाबतं. माजेपाशी मात्र भिंत आतल्या बाजूला वळलेली असल्याने दिशा उलटते, आणि तिथे जडत्व तिला भिंतीपासून सोडवू बघतं, किलो-सव्वा किलो इतकं. तिथे पट्टीला धरून ठेवते खाचेतली स्प्रिंग आणि खाचेत मागून शिरलेला गॅसचा दाब.

एकदा सोडायचं, एकदा आदळायचं. हे लयीत सुरू झालं की भिंतीवर आडव्या लाटा उमटतात.

जुनी_गाडी_ऑकलंड

सर, त्या लाटांनाच माझदावाले ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणायचे. १९६१ साली त्यांनी एनएसयूचा परवाना घेतला. केनिची यामामोतो आणि त्यांच्या हाताखालचे मिळून ४७ अभियंते या एका दुखण्यामागे लागले होते. कंपनाची वारंवारता बदलावी म्हणून त्यांनी सीलला आडवी-उभी भोकं पाडून बघितली. शेवटी १९६७ च्या कॉस्मो स्पोर्टमध्ये अ‍ॅल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनचं सील आलं. हलकं आणि स्वतःच थोडं वंगण देणारं. पुढे बिडावर आले, जाडी कमी करत करत २ मिलिमीटरवर. त्या बिडाचं तोंड इलेक्ट्रॉन किरणाने क्षणभर वितळवून थंड करतात, त्यामुळे तोंड कडक होतं आणि अंग बिडाचंच राहतं.

मी इथे न्यूझीलंडमध्ये सतरा वर्षं ही इंजिनं उघडतोय. मोडलेली सील बादलीभर बघितली असतील. झिजून गेलेली फार थोडी. बहुतेक सगळी नॉकिंगने, म्हणजे मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटल्याने, मोडलेली. ठिणगीचं टायमिंग फार पुढे, मिश्रण लीन म्हणजे पेट्रोल कमी, हलकं पेट्रोल, आणि एक ठोका बसला की बिडाच्या पट्टीचा कोपरा उडतो. टर्बो असेल तर तो तुकडा आधी टर्बोच्या पात्यांत जातो.

सांगलीकर, तुमचं टर्बोशिवाय आहे ना?

उडता_सांगलीकर

हो, टर्बो काढून टाकलाय. नैसर्गिक श्वासावरच.

जुनी_गाडी_ऑकलंड

मग निम्मी काळजी मिटली. टर्बोशिवाय १३बी ला नॉकिंगने सील मोडणं सोपं नाही.

स्वप्नील_ड्रोन

मी सिरॅमिकच्या बाजूने बोलतो. सिलिकॉन नायट्राइडची घनता ३.२, बिडाची सव्वासात. सरांच्या हिशेबात तेच माप सिरॅमिकचं धरा, ९ ग्रॅमची पट्टी ४ ग्रॅमवर येते. भिंतीवरचा तो १० किलोचा भार साडेचारवर येतो, माजेपाशी सुटण्याची ओढही निम्म्याहून कमी. घर्षण कमी, झीज नगण्य. १९९१ साली ले मान्स जिंकलेल्या माझदा ७८७बी मध्ये सिरॅमिकचीच सील होती. चोवीस तासांत ३६२ फेऱ्या! सलग मोठ्या भाराखाली टिकण्याचा यापेक्षा मोठा पुरावा कुठला?

जुनी_गाडी_ऑकलंड

स्वप्नील, पुरावा खरा आहे आणि ते इंजिन मलाही प्रिय आहे. पण ते चार रोटरचं इंजिन एका शर्यतीसाठी जुळवलेलं होतं. भिंतीचा थरही वेगळा, सिरॅमिक-धातू मिश्र. म्हणजे भोसरीकरांचीच गोष्ट झाली, जोडी म्हणून तयार केलेलं. आपण भंगारातल्या क्रोमवर फक्त सील त्यातलं बसवू म्हणतो.

आणखी एक मुद्दा, माझ्यासाठी हाच सगळ्यात मोठा. सील किती टिकतं हा गाडीचा प्रश्न. सील कसं जातं हा विमानाचा प्रश्न.

सिरॅमिक झिजत नाही, ते जातं तेव्हा तुटून जातं. तुकडे भिंतीहून कडक असतात, बाहेर पडता पडता क्रोम खरवडत जातात. बीड तुटतं, पण तुकडा पेरिफेरल एक्झॉस्टमधून, म्हणजे भिंतीतच असलेल्या धुराच्या तोंडातून, बहुधा निघून जातो. त्या रोटरची ताकद जाते, दुसरा रोटर चालू राहतो. इंजिन खडखडतं, पण फिरतं, आणि तुम्हाला धावपट्टी गाठता येते. व्हँकेल विमानात बसवणाऱ्यांना हाच तर गुण हवा असतो. पिस्टन इंजिनात रॉड तुटला तर सगळं जागीच थांबतं. चिवट पोलादाचं सील ठोक्याने तुटत नाही, वाकतं. वाकल्यावर दाब गळतो, पण आत तुकडा फिरत नाही.

म्हणून ‘सगळ्यात चांगलं सील कोणतं’ असं विचारू नका. ‘वाईट दिवशी मला खाली येऊ देईल असं कोणतं’ असं विचारा.

उडता_सांगलीकर

हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. सहा वर्षांत हे असं कुणी मांडलं नव्हतं माझ्यापुढे.

अहिल्यानगरी

उशिरा येतोय. आमच्या नगरचा या विषयाशी संबंध आहे, तो कुणी सांगितला नाही म्हणून लिहितो. भारतातलं पहिलं देशी व्हँकेल इंजिन ‘निशांत’ या चालकरहित विमानासाठी झालं. ५५ अश्वशक्तीचं, वजन सुमारे ३० किलो. एप्रिल २००९ मध्ये कोलारजवळ त्याचं उड्डाण झालं. गाभा बंगळुरूच्या एनएएल या सरकारी विमान-संशोधन प्रयोगशाळेचा, इग्निशन आणि इंधनाची व्यवस्था आमच्या वाहननगरच्या व्हीआरडीई या डीआरडीओच्या वाहन-संशोधन संस्थेची, उड्डाण-चाचण्या डीआरडीओच्याच एडीई या विमान-विकास संस्थेच्या. आणि भोसरीकर, तुम्हाला आवडेल असं: एनएएलने जे खास म्हणून केलं त्यात अ‍ॅल्युमिनियमचं ओतकाम आणि भिंतीवरचा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा थर होता. बातमी वाचली तेव्हा आमच्या एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

भोसरीकर

आवडलं म्हणजे काय! हा थर द्यायचा म्हणजे कण सारखे पसरले पाहिजेत, बाथ सतत ढवळत राहिला पाहिजे, आणि सिलिंडर गोल नसेल तर आतला अ‍ॅनोडही त्याच आकाराचा करावा लागतो. नाहीतर माजेपाशी भिंत अ‍ॅनोडच्या जवळ आली की थर जाड बसतो, लांबट टोकांना पातळ. मग होनिंग, म्हणजे घासून माप आणणं, करायचं तर गोल होन चालत नाही, तो आकार ग्राइंडरवरच घ्यावा लागतो. ज्यांनी हे देशात केलं त्यांना माझा नमस्कार.

स्वप्नील_ड्रोन

ड्रोन आणि ग्लायडरच्या व्हँकेलमध्ये अजून एक फरक आहे. अमेरिकेच्या शॅडो ड्रोनमधलं ब्रिटिश एआर७४१, किंवा एएसएच २६ई ग्लायडरच्या पोटात बसवलेलं, ज्याचा फक्त पंखा घडी होऊन आत जातो ते ५० अश्वशक्तीचं इंजिन, या छोट्या इंजिनांचा रोटर हवेने गार होतो. तेल एकदाच आत जातं आणि जळून जातं, परत येत नाही. सीलला ताजं तेल सतत मिळतं. १३बी मध्ये रोटर तेलाने गार होतो, सीलसाठी वेगळा छोटा पंप थेंब थेंब तेल सोडतो. म्हणून ड्रोनचा अनुभव १३बी ला जसाच्या तसा लावू नये, हे मी माझ्याच मताविरुद्ध लिहितोय.

जुनी_गाडी_ऑकलंड

बरोबर. सांगलीकर, तो पंप काढून टाका. तो इंजिनातलंच तेल सोडतो आणि ते तेल जळायला बनवलेलं नसतं, राख मागे ठेवतं. ती राख सीलच्या खाचेत बसली की सील अडकतं, आणि अडकलेलं सील कुठल्याही धातूचं असो, ते सील राहत नाही. टाकीतच टू-स्ट्रोकचं तेल मिसळा, लिटरला ८ मिलिलिटर. विमानात फायदा असा की पेट्रोल येतंय म्हणजे वंगणही येतंय. पंप बंद पडला का, ही वेगळी चिंता उरत नाही.

रबरवाली_ताई

तुम्ही सगळे धातूवर बोलताय, पण हे इंजिन किती वेळा साध्या ओ-रिंगमुळे उघडावं लागतं ते विचारा जुनी_गाडींना. हाउसिंग आणि बाजूच्या बिडाच्या प्लेटच्या मधे पाण्याची रबरी सील असतात. आतल्या रबराच्या एका अंगाला ज्वलन, दुसऱ्या अंगाला कूलंट. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, त्यामुळे प्रत्येक गरम-गार फेऱ्यात ते रबर चिरडतं आणि घासतं.

आमचं वसईला मोल्डिंगचं युनिट आहे. गिऱ्हाईक येतं आणि ‘वायटॉन द्या, सगळ्यात महाग तेच ना’ म्हणतं. वायटॉन तेलाला, पेट्रोलला, २०० अंशांपर्यंतच्या उष्णतेला उत्तम. पण त्याच्या साध्या ग्रेडना गरम पाणी आणि वाफ सोसत नाही, आणि थंडीत उणे १५-२० च्या पुढे ते ताठरतं. ईपीडीएम कूलंटला फार छान, तेलाला अजिबात नाही. नायट्राइल तेलाला ठीक, पण १०० अंशांच्या पुढे कडक होत जातं, आणि इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये साधं नायट्राइल फुगतं. सिलिकॉन उष्णतेला चांगलं, फाटायला मात्र हलकं.

रबर घेताना कम्प्रेशन सेट विचारा. दाबून गरम ठेवलेली रिंग सोडल्यावर किती परत उठते, त्याचं ते माप. जी उठत नाही ती गळते.

आणि जोडताना ओ-रिंग जागेवर राहावी म्हणून व्हॅसलीन लावायची सवय सगळ्यांना असते. ईपीडीएमला व्हॅसलीन लावू नका, ते पेट्रोलियमच आहे, रिंग फुगते. त्याला सिलिकॉन ग्रीस.

जुनी_गाडी_ऑकलंड

ताई, शंभर टक्के. माझ्याकडे आलेल्या दर तीन-चार इंजिनांत एक याच कारणाने आलेलं असतं. गाडी पांढरा धूर सोडते, मालक एपेक्स सील गेलं म्हणून घाबरलेला असतो, आणि आत सापडते कडक झालेली रबराची दोरी.

क्षितिज_नाशिक

एक बाळबोध प्रश्न. सील जात चाललंय हे हवेत असताना कळतं का?

गणिताचे_सर

बहुधा जमिनीवर आधी कळतं. इंजिन गरम असताना बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा चालू करायला जा. स्टार्टर हळू फिरवतो, गॅसला गळायला वेळ मिळतो, आणि झिजलेलं सील तिथे उघडं पडतं. ६,००० फेऱ्यांना तेच सील ठीक वाटतं, कारण गळायला वेळच नसतो. म्हणून गरम इंजिन सुरू व्हायला कुरकुरू लागलं तर बॅटरीला दोष देऊन उड्डाण करू नये.

उडता_सांगलीकर (अकरा महिन्यांनंतर)

धागा वर काढतोय, कारण सगळ्यांचं देणं लागतो.

पोपडा सुटलेलं हाउसिंग टाकलं, चांगल्या क्रोमचं दुसरं आणलं. सील कंपनीचंच बिडाचं घेतलं. चिवट पोलादाचा मोह होता. ते ज्या विक्रेत्याकडे बघत होतो त्याला दोनदा विचारलं की हे कुठल्या भिंतीसाठी आहे, आणि दोन्ही वेळा ‘सगळ्यासाठी’ असं उत्तर आलं. भोसरीकरांचा पहिला प्रतिसाद वाचलेला असल्यावर हे उत्तर घेऊन उडायचं धाडस झालं नाही. टायमिंग शर्यतीवाल्यांपेक्षा बरंच मागे ठेवलंय, ताकद थोडी कमी मिळते. तेल टाकीत, लिटरला ८ मिलिलिटर. पाण्याची सील ताईंना विचारून घेतली. ताई, तुम्ही रात्री अकराला फोटो बघून उत्तर दिलंत, ते विसरणार नाही.

पहिलं उड्डाण मार्चमध्ये झालं. इंजिन प्रमाणित नसल्याने मला पहिले ४० तास ठरलेल्या भागातच, एकट्याने चाचणी उड्डाणं करायची होती. ते संपले. काल ४३ तासांवर कम्प्रेशन घेतलं. पुढच्या रोटरचे तीन कप्पे ८.०, ८.१, ७.९ किलो, मागच्याचे ८.१, ८.०, ८.०. एक्झॉस्टच्या तोंडातून कॅमेरा घालून सहाही सीलची तोंडं बघितली, सरळ आणि चकचकीत. गरम इंजिन दहा मिनिटांनी पहिल्याच फिरवण्यात सुरू होतं.

आई गेल्या महिन्यात इथे होती. धावपट्टीच्या कुंपणाशी उभी राहून बघत होती. खाली उतरल्यावर म्हणाली, ‘आवाज एकसारखा आहे रे, शिवणयंत्रासारखा.’

भोसरीकर

अभिनंदन! आईंना नमस्कार सांगा. कॅमेरा घातलात ते बरं केलंत, पण सील बघितलीत, भिंत बघितलीत का? प्लगच्या भोकांच्या आजूबाजूला माजेपाशी बघा, आडव्या रेषा दिसतात का. फोटो तिरप्या उजेडात घ्या, समोरून घेतला तर दिसत नाहीत.

उडता_सांगलीकर

शनिवारी प्लग काढतोय. टॉर्च बाजूने धरून फोटो घेतो आणि इथेच टाकतो.